‘गळती’ या संकल्पनेची चिकित्सा : विज्ञान शाखेतील विविधता आणि होटगी परिसरातील विद्यार्थी

प्रास्ताविक

उच्च शिक्षणाविषयीच्या आपल्याकडील शासकीय आणि शैक्षणिक लेखनात ‘गळती’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जाईनासे झाले आहे. पान गळते, मोहोर गळतो, पावसाळ्यात छप्पर गळते. ‘गळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ते घडते, कोणी घडवून आणत नाही. ‘प्रथम वर्ष विज्ञान वर्गात गळतीचे प्रमाण अधिक आहे’ असे वाक्य अहवालात लिहिले की, विद्यार्थी झाडावरून सुटलेल्या पानासारखा होतो आणि झाड निर्दोष ठरते. इंग्रजीत याच विषयावर लिहिताना ‘रिटेन्शन’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ ‘टिकवून ठेवणे’ असा असून ती क्रिया सकर्मक आहे. टिकवून कोणी ठेवायचे, हा प्रश्न त्या शब्दातच अंतर्भूत आहे. मराठीत आपण बहुधा ‘विद्यार्थी टिकत नाहीत’ असे म्हणतो आणि जबाबदारी पुन्हा विद्यार्थ्याकडेच सोपवतो.

प्रस्तुत लेखात विज्ञान शाखेतील विविधता व विद्यार्थ्यांचे टिकणे या विषयाची चिकित्सा, महाविद्यालयांना रोज हाताळाव्या लागणाऱ्या तीन धोरणात्मक चौकटींच्या आधारे करावयाची आहे. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेची (नॅक) २०१७ मध्ये सुधारलेली चौकट, विद्यापीठ अनुदान आयोगाची उपचारात्मक अध्यापनाची योजना आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या त्या तीन चौकटी होत. या लेखासाठी सर्वेक्षण केलेले नाही. दस्तऐवजांत जी भाषा वापरली आहे ती काय दाखवते आणि काय झाकते, एवढेच पाहावयाचे आहे. मात्र हे वाचन हवेत राहू नये म्हणून त्याला एक ठिकाण दिले आहे. ते ठिकाण म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी.

होटगीचा संदर्भ

होटगी हे रेल्वेचे जंक्शन म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईहून सोलापूर, वाडीमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य मार्गापासून विजयपूर–गदगकडे जाणारा फाटा येथे फुटतो. भाषांचा फाटाही येथेच फुटतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट या तालुक्यांतील अनेक घरांत कन्नड बोलली जाते, मुस्लिम कुटुंबांत दखनी उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. शहरात गेल्यावर पद्मशाली वस्तीतील तेलुगूही कानी पडते. सोलापूर जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. पदवीस्तरावरील विज्ञानासाठी या परिसरातील बहुतेक विद्यार्थी सोलापूर शहराची वाट धरतात. तेथे दयानंद महाविद्यालय १९४० पासून, तर संगमेश्वर महाविद्यालय १९५३ पासून कार्यरत आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली, तोवर ही महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठाचे २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामांतर झाले. विद्यापीठ जिल्ह्यात आले, अंतर कमी झाले. प्रश्न उरला तो वर्गातील अंतराचा.

या अंतराचा एक भाग परिभाषेचा आहे आणि तो थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी यांत्रिकीच्या प्रकरणात ‘बल’, ‘वस्तुमान’, ‘त्वरण’, ‘संवेग’ हे शब्द शिकतो. कन्नड माध्यमात बलाला ‘बल’ आणि संवेगाला ‘संवेग’ असेच म्हणतात. परंतु वस्तुमानाला ‘द्रव्यराशी’ आणि त्वरणाला ‘वेगोत्कर्ष’ असे शब्द रूढ आहेत. उर्दू माध्यमातील मूल ‘कुव्वत’, ‘कमियत’, ‘इस्रा’ आणि ‘मेयार-ए-हरकत’ शिकून येते. अकरावीच्या विज्ञान वर्गात ही तिन्ही मुले एकाच बाकावर बसतात आणि पहिल्याच आठवड्यात तिघांचेही शब्द एकाच वेळी रद्द होतात. त्यांच्या जागी ‘फोर्स’, ‘मास’, ‘अ‍ॅक्सिलरेशन’, ‘मोमेंटम’ येतात. सेमी-इंग्रजी वर्गातून आलेल्या चौथ्या मुलाला हे शब्द आधीच परिचित असतात आणि तो ‘हुशार’ ठरतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मातृभाषेतून विज्ञान शिकविण्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्या मराठी लेखनात मातृभाषा म्हणजे मराठी, असे गृहीत धरलेले असते. होटगीच्या वर्गात ते गृहीतक टिकत नाही. येथे इंग्रजी ऐवजी मराठी आणल्याने काही मुलांची अडचण दूर होईल, काहींची केवळ बदलेल. भारतीय भाषेतून विद्यापीठीय विज्ञान शिकविणे अशक्य आहे, असाही याचा अर्थ नाही. होटगीवरून वाडीमार्गे ज्या हैदराबादला गाडी जाते, त्याच शहरात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम होते आणि त्यासाठी अनुवाद व परिभाषानिर्मितीचे स्वतंत्र कार्यालय चालविले गेले. मात्र उस्मानियाने एक भाषा निवडली होती. होटगीसमोरचा प्रश्न अनेक भाषांतून एका वर्गात येणाऱ्या मुलांचा आहे आणि त्यासाठी आपल्या धोरणांजवळ अद्याप शब्दही नाही.

‘विविधता’ या शब्दाचे काय झाले

शब्द नाही असे म्हणताना नॅकच्या चौकटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्वयंमूल्यन अहवालाचे काम केलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला निकष क्रमांक दोन तोंडपाठ असतो. २०१७ च्या चौकटीत त्यातील २.२ हा मुद्दा ‘विद्यार्थ्यांच्या विविधतेची दखल’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा होता. शीर्षक वाचून अपेक्षा वाढते. विविधता म्हणजे भाषा, जात, लिंग, गाव, घरातील पहिली शिकणारी पिढी, अपंगत्व या सर्वांचा विचार पुढे येईल असे वाटते. प्रत्यक्षात त्याखालील पहिला उपमुद्दा महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी तपासून ‘प्रगत’ आणि ‘मंदगती’ अध्ययनार्थींसाठी विशेष कार्यक्रम योजावेत, असा होता. दुसरा उपमुद्दा विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तराचा.

म्हणजे विविधता या बहुआयामी कल्पनेचे रूपांतर वेगाच्या एका रेषेत झाले. या रेषेवर कन्नड माध्यमातून आलेली, ‘वेगोत्कर्ष’ नीट समजलेली मुलगी पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाल्याने ‘मंदगती’ या रकान्यात जाते. तिची गती मंद नाही. ती दोन वेळा चालते आहे, एकदा आशयातून आणि एकदा भाषेतून. चाचणी इंग्रजीतून घेतल्याने चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्गवारी करून यादी तयार झाली, सूचनाफलकावर लागली, छायाचित्रासह पुरावा जोडला गेला की निकष पूर्ण होतो. (ही यादी फलकावर लावू नये, एवढा संकेत तरी आपण पाळावयास हवा होता.)

आरक्षित जागांपैकी किती भरल्या, हे २.१ या मुद्द्याखाली विचारले जात असे. तो प्रश्न आवश्यकच आहे. परंतु तो प्रवेशाच्या दिवसाचा प्रश्न आहे. त्या जागांवर आलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचले, हे विचारणारा समांतर प्रश्न त्या निकषात नव्हता.

छेदाचा प्रश्न

या चिकित्सेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अंकगणिताचा आहे. त्याच चौकटीत २.६ या मुद्द्याखाली विद्यार्थ्यांच्या उत्तीर्णतेची टक्केवारी मागितली जात असे. ती कशी काढावयाची? अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या छेदस्थानी आणि त्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांची संख्या अंशस्थानी. विज्ञानाच्या प्राध्यापकांस येथील दोष सांगण्याची वास्तविक आवश्यकता नाही. प्रयोगात अर्धे नमुने वाटेत सांडले आणि उरलेल्यांवरच निष्कर्ष काढला, तर आपण तो प्रयोग अमान्य करू. तरीही हीच पद्धत आपण वर्षानुवर्षे स्वतःबाबत स्वीकारली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बी.एस्सी. प्रथम वर्षास १२० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी ८० उरले, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेस ६० बसले आणि ५४ उत्तीर्ण झाले. अहवालात निकाल ९० टक्के. प्रवेश घेतलेल्यांच्या तुलनेत तो ४५ टक्के आहे. हे आकडे कल्पित आहेत, पण दोन टक्केवारींमधील दरी कशी निर्माण होते, हे त्यावरून दिसते. शिवाय या पद्धतीत एक विपरीत लाभ दडलेला आहे. अडचणीतील विद्यार्थी अंतिम वर्षाआधी निघून गेले तर निकाल सुधारतो. कोणतेही महाविद्यालय असा हेतू धरून वागते, असे सुचवावयाचे नाही. पण ज्या मोजमापात विद्यार्थ्याचे जाणे संस्थेच्या पथ्यावर पडते, ते मोजमाप त्याला थांबविण्यासाठी कोणाला धावावयास लावणार? २०२४ मध्ये परिषदेने श्रेणींऐवजी अधिस्वीकृत अथवा अनधिस्वीकृत अशा द्विपर्यायी पद्धतीकडे जाण्याचे जाहीर केले. पद्धत बदलली तरी या चौकटीने आपल्या नोंदवह्यांना जी सवय लावली, ती आपोआप जाणारी नाही.

आकडेवारीचा दुसरा प्रश्न असा की, सर्वच जाणे एका प्रकारचे नसते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी किंवा परिचर्या अभ्यासक्रमास जागा मिळालेले विद्यार्थी बी.एस्सी. सोडतात. ते विज्ञानातून बाहेर पडलेले नसतात. कोणी पोलीस भरतीत निवडला जातो. एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि ‘पुढे शिकू देऊ’ हे आश्वासन साखरपुड्याबरोबर मागे पडते. कोणी ए.टी.के.टी.च्या आधारे हजेरीपटावर असतो, पण वर्गात येणे त्याने केव्हाच थांबवलेले असते. नोंदीनुसार तो टिकलेला आहे. या सर्वांना ‘गळती’ या एका शब्दात कोंबल्यावर कोणावरही उपाय शक्य राहत नाही. शाळा सोडल्याचा दाखला देताना कारणाच्या रकान्यात आपण काय लिहितो, हे एकदा तपासून पाहावे. बहुतेक ठिकाणी तेथे ‘विनंतीवरून’ असे लिहिलेले आढळेल.

महिलांच्या बाबतीत तर प्रवेशाची आकडेवारी आणि पुढील वास्तव यांतील तफावत ठळक आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१–२२ च्या अहवालानुसार पदवीपासून पीएच.डी.पर्यंत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत विद्यार्थिनींची संख्या २९.८ लाख, म्हणजे विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होती. प्रवेशाच्या दारातील विविधता येथे साधली गेली आहे. मुली विज्ञानाकडे वळत नाहीत, हे कारण आता कोणालाही पुढे करता येणार नाही.

उपचार कोणावर?

विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या योजनाकाळात (२००७–१२) अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ‘रेमेडियल कोचिंग’ची योजना राबविली. ‘उपचारात्मक अध्यापन’ हा तिचा मराठी पर्याय. त्या निधीतून अनेक महाविद्यालयांत प्रामाणिकपणे जादा तास घेतले गेले, हे नमूद केले पाहिजे. आक्षेप आहे तो रूपकावर. उपचार रोग्यावर होतात. जातीच्या आधारे विद्यार्थ्यांना सायंकाळच्या वेगळ्या वर्गात बसविले की, त्यांना आणि इतरांनाही एकच संदेश मिळतो. शिवाय त्या वर्गात बहुधा तोच धडा, त्याच भाषेत, अधिक सावकाश शिकविला जातो.

या गृहीतकाला छेद देणारे एक काम महाराष्ट्रातच झाले आहे आणि आपल्या चर्चांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी काम केले. त्यावरील कुलकर्णी व एस. सी. आगरकर यांचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९८१ मध्ये कुलकर्णी व व्ही. जी. गंभीर यांनी भाषेचा अडसर आणि शिक्षणाचे सार्वत्रिकीकरण यांवर लेख लिहिला होता. या कामातून पुढे आलेली बाब अशी की, मराठी माध्यमातील मराठी मुलांनाही पाठ्यपुस्तकाची मराठी परकी होती. मजकूर सोप्या भाषेत मांडला, मुलांना प्रश्न विचारण्याची आणि आपल्या शब्दांत उत्तर देण्याची सवय लावली, तेव्हा त्यांची शालेय कामगिरी लक्षणीयरीत्या सुधारली. म्हणजे उणीव मुलांच्या आकलनशक्तीत नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या मजकुरात होती.

या अहवालावरही एक टीका करता येईल. त्याच्या शीर्षकात वंचितांमधील ‘टॅलेंट’चा शोध आणि संगोपन असे शब्द आहेत. निवडलेल्या काही मुलांची गुणवत्ता सिद्ध झाल्याने न निवडलेल्यांविषयीचा समज बदलतोच असे नाही. शिवाय या कामाचा भर शालेय टप्प्यावर होता; महाविद्यालयीन विज्ञानाच्या उंबरठ्यावर तीच मुले पुन्हा नवीन भाषेसमोर उभी राहिली असतील. पण या मर्यादा मान्य करूनही, पदवीच्या प्राध्यापकांनी या कामाचा धागा पुढे नेला नाही, याची जबाबदारी त्या केंद्रावर टाकता येणार नाही.

पदवीस्तरावरील समांतर उदाहरण अमेरिकेतील आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन या गणितज्ञाने कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर अनुत्तीर्ण का होतात, याचा शोध घेतला. प्राध्यापकांना विचारता प्रेरणेचा अभाव, पूर्वतयारी कमी, कुटुंबाचा पाठिंबा नाही, दारिद्र्य अशी कारणे मिळाली. आपल्या शिक्षकखोलीत ऐकू येणारी कारणे यांहून वेगळी नाहीत. प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून पाहता ही कारणे टिकली नाहीत. आढळले ते असे की, चिनी वंशाचे विद्यार्थी गटाने बसून गणिते सोडवीत, एकमेकांच्या चुका तपासत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट करीत, पण एकटे. त्यावर ट्राइसमनने योजलेल्या कार्यशाळेत उजळणी नव्हती. तेथे अधिक कठीण गणिते होती, ती गटात सोडवायची होती आणि तेथे बोलावणे हा सन्मान मानला जात होता. कार्यशाळेतील विद्यार्थ्यांचे निकाल सुधारले. नॅकच्या ‘मंदगती’ या रकान्याची आणि या कल्पनेची तुलना प्रत्येक विभागप्रमुखाने स्वतःच करावी.

बाहेर पडण्याचे दार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनेक टप्प्यांवर प्रवेश व निर्गमनाची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून ही रचना लागू झाली. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू स्तुत्य आहे. तीन वर्षांत परत येण्याची मुभाही आयोगाच्या आराखड्यात आहे.

परंतु दोन शंका उपस्थित होतात. बाहेर पडताना प्रमाणपत्र मिळविण्यासाठी उन्हाळ्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाचे अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करावे लागतात. जो विद्यार्थी दुसऱ्या सत्राच्या मध्यावर येणे थांबवतो, त्याला याचा उपयोग नाही, आणि होटगी परिसरातून येणारा विद्यार्थी बहुधा असाच, काही न सांगता थांबतो. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. काल ज्याला गळती म्हणत होतो, त्याला उद्या ‘निर्गमन’ म्हणता येईल. गळतीत निदान काही बिघडले आहे, ही भावना होती. निर्गमन हा विद्यार्थ्याने निवडलेला पर्याय म्हणून नोंदविला जाईल आणि कोणत्या समाजघटकांतील मुले पहिल्या दाराने बाहेर पडली, कोणती चौथ्या वर्षाच्या ऑनर्सपर्यंत गेली, याची वेगळी नोंद ठेवली नाही तर पदवीची उतरंड जातीच्या आणि भाषेच्या उतरंडीशी जुळत जाईल.

प्रात्यक्षिकाचा तास

विज्ञान शाखेचे वेगळेपण तिच्या वेळापत्रकात आहे. कला शाखेचा विद्यार्थी दुपारी मोकळा होतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकाची बॅच दुपारी सुरू होऊन सायंकाळपर्यंत चालते. होटगीकडे परतणाऱ्या विद्यार्थिनीला एस.टी. किंवा रेल्वे गाठावयाची असते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. नेमक्या पदवीच्या पहिल्या वर्षी ती सोय संपते. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, पण ती तिकिटावर आहे, वेळेवर नाही. शेवटची सोयीची गाडी पकडण्यासाठी टायट्रेशनचे अंतिम वाचन न घेता निघालेली मुलगी दुसऱ्याच्या वहीतून ते उतरवते. जर्नल पूर्ण होते, सही होते. सत्राअखेर व्हायव्हात तिला बोलता येत नाही, तेव्हा परीक्षक तिला अभ्यास न करणारी समजतो.

तोंडी परीक्षेचा मुद्दा केवळ अंतराचा नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात, शिक्षकांचे साहाय्य आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतील भेदभाव यांविषयी विद्यार्थ्यांनी सांगितलेले अनुभव नोंदविले आहेत. लेखी उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत आडनाव, उच्चार आणि पेहराव समोर बसलेले असतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जसजसे वाढत गेले, तसतसा हा भाग निर्णायक होत गेला.

या सर्व बाबींपैकी अनेक महाविद्यालयाच्या पातळीवर, कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता, बदलता येतात. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची बॅच सकाळच्या सत्रात ठेवणे हे वेळापत्रक समितीचे काम आहे. व्हायव्हातील उत्तर मराठी, कन्नड वा उर्दूमिश्रित भाषेत दिले आणि आशय बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत, यासाठी अंतर्गत परीक्षकांत एकवाक्यता पुरेशी आहे. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या प्रकरणासाठी इंग्रजी, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार स्तंभांची दोन पानी शब्दसूची विद्यार्थ्यांकडूनच करून घेता येईल; ती करताना कन्नड माध्यमाची मुलगी निदान एका तासापुरती वर्गाची शिक्षिका होईल. आणि निकालाच्या तक्त्यात प्रचलित टक्केवारीशेजारी आणखी एक रकाना आखता येईल, ज्याच्या छेदस्थानी तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांची संख्या असेल. तो रकाना भरण्यासाठी लागणारे हजेरीपट प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आधीपासून आहेत.